झोपेतलं माप

९ जानेवारी

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. ते दिले असं समज.

चार वर्षांत तू एकदाही फोन केला नाहीस, आणि मी केले ते 'हं', 'बरं', 'ठेवतो' एवढ्यात उरकलेस. म्हणून पत्र. शिवाय सोबतच्या कागदावर शाईची सही लागते, ती फोनवर होत नाही. कागद कसला आहे ते सांगते, नाहीतर न वाचताच सही करशील. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

आमच्या हॉस्पिटलात एक नवीन डॉक्टरीण बाई आल्यात. माझ्या निम्म्या वयाच्या, पण डोकं तल्लख. कंपवात, हातपाय आपोआप वेडेवाकडे हलायचे आजार, तोल जायचे आजार, म्हणजे ज्यांत मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात आणि माणसाचं स्वतःच्या हालचालींवर राज्य उरत नाही, अशा रोग्यांच्या अंगात स्नायू किती शिल्लक आहेत ते कसं ओळखायचं, यावर त्यांचा अभ्यास चाललाय. तू म्हणशील, त्यात काय, काट्यावर उभं करा. पण काटा फसवतो. स्नायू झिजतात, त्यांच्या जागी चरबी आणि पाणी भरतं, आणि काटा जिथल्या तिथे. बरं, माझ्या खोलीतल्या ज्या मशीनवर मी बावीस वर्षं माणसं मोजली, त्याला माणूस पाच मिनिटं निपचित पडलेला लागतो. ज्याचा आजारच हलण्याचा, त्याला निपचित पड म्हणणं म्हणजे आंधळ्याला सुईत दोरा ओवायला सांगणं.

तर त्या जुनी मापं गोळा करतायत, आणि त्यांत बाबांची आहेत. माणूस हयात नसला तर त्याच्या सगळ्या मुलांची परवानगी लागते. सगळी म्हणजे आपण दोघं. माझी सही झाली. तुझी जागा पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. सही कर, पाकिटात घाल, पाठव. बाकी काही विचारायची गरज नाही.

ताई


१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पाकीट मिळालं. कागद कोरा, आणि वर प्रश्न. 'बाबांची कुठली मापं? सगळ्यांच्या प्रती पाठव.'

बाबांची मापं आज हवीत तुला! घे. सत्तराव्या वर्षापर्यंत त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याला मी खिळ्याने पाच नवी भोकं पाडली. शेवटचं भोक पाडलं तेव्हा पट्ट्याचं टोक मनगटाला दुसरा वेढा घालत होतं. हातपाय झिजले तेवढी चरबी पोटावर चढली, वजन मात्र तेच, बासष्ट. दर महिन्याला तू फोनवर विचारायचास, "वजन किती?" मी बासष्ट म्हणायचे, आणि तू म्हणायचास, "मग छान आहे की." तुझं कर्तव्य संपायचं.

लोकांची घरं हलवून देणारा माणूस होता तो. चार जिने कपाट पाठीवर घेऊन चढायचा. गिऱ्हाईक काळजीने म्हणायचं, "काका, दोन माणसं लागतील ना?" तर हे म्हणायचे, "लागतील की. एक मी, आणि एक दार उघडायला." त्या माणसाच्या सदऱ्याची बटणं अकरा वर्षं मी लावली. घास घशात अडकेल म्हणून समोर बसून मोजून भरवला. रात्री कूस बदलायला त्यांना मी लागायचे. कामावर निघताना रोज उशीर, रोज शेजारणीच्या हातापाया पडणं. आणि तू अकरा वर्षांत चारदा आलास, दर वेळी विमानातून शक्तीच्या गोळ्यांचा एक भला मोठा डबा घेऊन. दुरून डोंगर साजरे म्हणतात. तुला दुरून बाप साजरा होता.

मापांचं म्हणशील तर बाबांची एकूण सहा निघाली. ऑपरेशनच्या आधीच्या त्या दुपारची मशीनच्या स्मरणात दोन सापडली. डॉक्टरीण बाईंनीही विचारलं, एकाच दिवशी दोन कशी? एक बिघडलेलं होतं. रोगी हलला की बिघडतं. त्यात विशेष काही नाही.

सही कर.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

एक ओळ पाठवलीस. 'बिघडलेलं कुठलं?'

पूल बांधणारा माणूस तू. भार किती, खांबाची ताकद किती, हे तुझं रोजचं. तुला फसवायला गेले हीच माझी चूक. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. आधी डॉक्टरीण बाईंनी दाबलं, आता तू. तर ऐक.

ऑपरेशनच्या तीन आठवडे आधी सर्जननी बाबांचं स्नायूंचं माप मागवलं. मेंदूत तारा बसवायच्या, मग कितीतरी दिवस अंथरुणात काढायचे. अंगात साठा नसेल तर माणूस त्यातून उठत नाही. त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "बावीस किलोच्या वर भरले तर घेईन. खाली असले तर नाही. तुम्ही इथल्या असलात तरी आग्रह करायचा नाही." घरच्या माणसाचं माप खरं तर मी घ्यायचंच नव्हतं. माझ्या जोडीची बाई रजेवर होती. मी दुसरा दिवस मागून घेऊ शकले असते. घेतला नाही.

दुपारचे अडीच वाजले होते. बाबांना टेबलावर आडवं केलं, हातापायांना पट्ट्या चिकटवल्या. त्यांतून अगदी बारीक वीज सोडतात. ती स्नायूंतून सहज जाते, चरबीत अडते, त्यावरून मशीन हिशेब करतं. बाबांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर टक टक वाजत होता.

मी म्हटलं, "बाबा, जरा स्थिर राहा."

"मी स्थिरच आहे गं. हात ऐकत नाही. तूच सांगून बघ त्याला."

पडद्यावर आकडा आला. चोवीस पूर्णांक एक. शेजारी पिवळी खूण होती: हालचाल जास्त, माप पुन्हा घ्या.

"किती भरलो?"

"चोवीस."

"बघ! अजून एखादं कपाट उचलीन."

हसले. त्यांचा चेहरा आजाराने इतका गोठला होता की हसू डोळ्यांतच यायचं, पण आलं. मी फॉर्म आणायला वळले, पाणी प्यायले, परत आले तर झोपलेले. कंपवाताचा हात झोपेत थांबतो, हे तुला माहीत नसेल. त्यांना झोपलेलं पाहण्याइतका तू राहिलासच कधी? बोटं सुटून पडली होती. इतकी वर्षं त्या हाताशी झगडले, तो पहिल्यांदा दिवसाउजेडी नीट दिसला. मी पुन्हा बटण दाबलं. कशासाठी ते कळलंही नाही, अठरा वर्षांच्या सवयीचा हात आपोआप गेला.

एकोणीस पूर्णांक चार. पिवळी खूण नाही.

खणात टेप होती. पोटरीला गुंडाळली असती तर अर्ध्या मिनिटात खातरी झाली असती. खातरीच नको होती, म्हणून खण उघडला नाही. फॉर्मवर चोवीस पूर्णांक एक लिहिलं, सही केली, आणि बाबांना हलवून जागं केलं.

तुला आठवत असेल, तू फोनवर म्हणालास, "फोटोत बाबा फार खंगलेले वाटतात. झेपेल का गं?" मी म्हटलं, "मशीनपेक्षा तुझी नजर शहाणी का? ऑपरेशनच्या संमतीवर सही करून पाठव." तू पाठवलीस.

ऑपरेशन उत्तम झालं. हात थांबला. पाच दिवस बाबा तो हात डोळ्यांसमोर धरून बघत होते. सहाव्या दिवशी छातीत कफ धरला. खोकून काढायला हवा होता. खोकायलाही स्नायू लागतात. एकोणिसाव्या दिवशी गेले.

बिघडलेलं माप पहिलं होतं. मी दुसरं लपवलं.

ताई


११ मार्च

धाकट्या,

तीन आठवडे झाले. सही आली, पण सोबत एक अक्षर नाही. शिव्या तरी द्यायच्या होत्यास.

मी असं का केलं ते तू विचारलं नाहीस. तू समजून घेतलं असशील की बिचारीला आशा होती, बाप बरा होईल असं वाटलं असेल. तसं समजू नकोस. ते मला चालणार नाही.

त्या वर्षी मला तंत्रज्ञांच्या शाळेत शिकवायला बोलावलं होतं, दुसऱ्या शहरात. पन्नासाव्या वर्षी कोणीतरी मला 'तुम्हीच या' म्हणालं होतं. जागा सहा महिने राखून ठेवतो म्हणाले. त्यांचं पत्र मी कपड्यांच्या घडीत ठेवलं होतं आणि रोज काढून वाचायचे. बाबांना सोबत नेणं शक्य नव्हतं. तुला एकदा आडून विचारलं, थोडे दिवस नेतोस का म्हणून. तू म्हणालास, "इथली थंडी त्यांना सोसणार नाही." ती थंडी तुझ्या सासऱ्यांना मात्र सोसत होती.

म्हणजे मला काय हवं होतं, तर बाबांचा हात थांबायला हवा होता. स्वतःची बटणं लावता आली असती, स्वतः जेवता आलं असतं, तर एखादी बाई ठेवून मी निघाले असते. मला सुटका हवी होती. बापाच्या अंगात पावणेपाच किलो जास्तीचे घालून मी ती मिळवायला गेले. ती जागा नंतर दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. मी गेलेच नाही. कोणत्या तोंडाने जाणार होते?

आणि ते गेले त्या सकाळी तू विमानतळावरून थेट हॉस्पिटलात आलास. वॉर्डाबाहेरच्या बाकाजवळ मला विचारलंस, "ताई, ते माप बरोबर होतं ना?" नर्स होती तिथे, मावशी होती, सगळ्यांच्या देखत मी ओरडले, "मशीन खोटं बोलत नाही! इथे असतास तर विचारावं लागलं नसतं. सही तुझी आहे. आता बस रडत."

तू दुसऱ्या दिवशीच निघून गेलास. मग चार वर्षं, तू गप्प आहेस म्हणजे स्वतःलाच खात असशील, असं मी समजून चालले. तसं समजून मला बरं वाटायचं. हे लिहायला हात वळत नाही, पण तेही खरं आहे.

विभागप्रमुखांना मी स्वतः जाऊन सांगितलं. चौकशी बसली. मशीनवरून मला काढून फायलींच्या खोलीत बसवलंय, निवृत्तीपर्यंत तिथेच. सर्जननी समितीपुढे सांगितलं की आपण आकड्यावर विश्वास ठेवला. बाबांचा सदरा काढून त्यांनीच छाती तपासली होती, फासळ्या मोजता येत होत्या. पण हे मी बोलले नाही. माझ्या तोंडी ते शोभलं नसतं.

डॉक्टरीण बाई बाबांची त्या दिवशीची मापं अभ्यासातून गाळणार होत्या. मी म्हटलं, दोन्ही ठेवा. त्यांनी ठेवली. म्हणाल्या, "अशा रोग्यांना झोप लागल्यावर मोजावं हे आम्हाला सुचलंच नव्हतं. आता दुपारची वेळ ठेवणार आहोत आम्ही." मोठ्या कौतुकाने म्हणाल्या. मी फाइल उचलून आत गेले.

ताई


४ एप्रिल

धाकट्या,

तुझं चार पानी पत्र आलं. पहिल्यांदा उभ्यानेच वाचलं.

म्हणजे तुला ठाऊक होतं! शेवटच्या खेपेला तू बाबांना खुर्चीतून उठवलंस, काखेत हात घातलास, तेव्हा दंडाच्या जागी नुसतं हाड लागलं. तुझ्याच शब्दांत, 'खांब पोकळ झालाय हे हाताला कळतं, त्याला यंत्र लागत नाही.' आणि तरी सही केलीस, कारण ऑपरेशन जमलं तर ताई पुन्हा 'घेऊन जा' म्हणणार नाही, आणि नाही जमलं तर... ते वाक्य तू अर्धंच सोडलंयस. पूर्ण करायची हिंमत मलाही नाही. पुढे लिहितोस, 'आकडा चौदा असता तरी मी सही केली असती. तेव्हा तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. आपण दोघं सारखेच. आता सोडून देऊ.'

सोडून देऊ? रद्दी आहे का ती?

चार वर्षं मी हे एकटीने उरावर घेऊन झोपले, आणि तू आयता येऊन शेजारी बसलास, म्हणे सारखेच. दोघांनी मारला म्हणून माणूस अर्धा मरत नाही. आणि मला आणखी एक कळलं, ते जास्त झोंबलं. त्या बाकाजवळ तू जो प्रश्न विचारलास, तो माझ्यासाठी नव्हताच. माप बरोबर होतं असं मी म्हणावं, आणि तू सुटावंस, म्हणून विचारलास. मी नेमकं तेच म्हणाले. तुझ्यावर वार करायला गेले आणि तुझ्या हातात ढाल देऊन बसले.

बापाच्या अंगाचं एकेक माप मी घेतलं, आणि त्याच्या पोरांचं मात्र एकही घेता आलं नाही.

येतो म्हणतोस. ये. माफी मागू नकोस आणि देऊही नकोस. दोन्ही आपल्या घरात कोणाला जमलेलं नाही. जेवायला घालीन. झोपायला बाबांची खोली आहे, पलंग तोच आहे. चालत असेल तर ये.

ताई


२६ एप्रिल

धाकट्या,

तू गेलास त्याला चार दिवस झाले. त्या दिवशी विमानतळावरून घरी येऊन एक पत्र लिहिलं होतं, तू आलास म्हणून बरं वाटलं वगैरे. ते फाडलं.

बरं वाटलं नव्हतं असं नाही. तू स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला घेतलास आणि नुसत्या गळणाऱ्या नळाचं अगदी कारंजं करून ठेवलंस, तेव्हा मी हसले, तूही हसलास. किती वर्षांनी ते मी मोजलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा घेताना तू विचारलंस, "बाबा शेवटी काय म्हणाले?" मी म्हटलं, "काही नाही. बोलायला श्वास लागतो." तू कप उचललास आणि न पिताच खाली ठेवलास. तुला खोटं सांगू शकले असते, तुझी आठवण काढली म्हणून. आता तसली खोटी मला सांगायची नाहीत. म्हणूनच पुढचं लिहिते.

तू आलास त्या दिवशी दारातून आत येताना मी पाहिलं, पण प्रवासाने अंग आखडलं असेल म्हणून सोडून दिलं. जाताना विमानतळाच्या त्या लांबलचक दालनातून तू चालत गेलास. बॅग चाकांची, उजव्या हातात. डावा हात मोकळा होता, आणि तो हलत नव्हता. माणूस चालतो तेव्हा मोकळा हात आपोआप पुढेमागे होतो. तुझा कोपरात किंचित वाकून अंगाला चिकटून राहिला, वळणावर दिसेनासा होईपर्यंत. बाबांचं अगदी तसंच सुरू झालं होतं, थरथर यायच्या दोन वर्षं आधी. तेव्हा आम्ही म्हणायचो, ओझी उचलून खांदा गेला.

घरी येऊन तुझं चार पानी पत्र पुन्हा काढलं, या वेळी मजकुरासाठी नाही. प्रत्येक पानावर पहिल्या ओळीतलं अक्षर तुझं नेहमीचं, टपोरं. खाली खाली येताना ते मुंगीएवढं होत गेलंय. चौथ्या पानाचा शेवट मी भिंग लावून वाचला. बाबांच्या सह्याही अशाच बारीक होत गेल्या होत्या.

काही नसेलही. खांदा आखडला असेल, पेन वाईट असेल. हा आजार सहसा बापाकडून पोराकडे येत नाही, असं डॉक्टरीण बाई म्हणतात. त्यांना मी नाव न सांगता विचारलं. 'सहसा' या शब्दावर त्या जरा थांबल्या, तेही तुला सांगते.

हे वाचून तू चिडशील. ताईने दावा साधला म्हणशील, इतक्या वर्षांनी भाऊ घरी आला आणि हिने त्याच्या हातात हे ठेवलं. पुन्हा चार वर्षं बोलला नाहीस तरी चालेल. पण मेंदूच्या डॉक्टरकडे जा, या महिन्यात जा. आणि त्यांनी काय सांगितलं ते मला कळवू नकोस हवं तर, पण बायकोपासून लपवू नकोस.

तू हे पत्र वाचून खिशात घालशील आणि कोट धुवायला जाईपर्यंत तिथेच ठेवशील, हे मी ओळखून आहे. म्हणून पत्र टाकून आले की तिला फोन करणार आहे. आमचं कधी पटलं नाही. माझा आवाज ऐकून ती 'ते घरी नाहीत' म्हणेल. मी सांगणार आहे, "त्याच्याशी नाही, तुझ्याशीच बोलायचंय."

ताई